आधी उत्तर, मग सवाल

ऑलिंपिकमधली तलवारबाजी टीव्हीवर पाहताना बहुतेकांची एकाच जागी अडचण होते. जाळीदार मुखवटे घातलेले दोन खेळाडू, पोलादाची टकटक, आणि एकदम दोन्ही बाजूंचे दिवे लागतात. दोघंही मूठ आवळून ओरडतात. पंच मात्र गुण देतात एकालाच. असं का? एवढं उमगलं की फॉइल हा प्रकार बघायची गोडी लागते.

तलवारबाजीची शस्त्रं तीन: फॉइल, एपी आणि सेबर. फॉइलचं पातं ९० सेंटिमीटरचं, वजन अर्ध्या किलोच्या आत. त्याच्या धारेला काम नाही. फक्त टोक लावायचं, आणि तेही धडावर. हात, पाय, डोकं वर्ज्य. धडावरच्या जाकिटात धातूचे धागे असतात. तिथे टोक दाबलं गेलं की रंगीत दिवा लागतो. वर्ज्य जागी लागलं तर पांढरा दिवा, खेळ थांबतो, गुण नाही.

ही बंधनं जुन्या फ्रान्सची. द्वंद्वातल्या टोकदार तलवारीचा सराव करायला तिथे हे बोथट टोकाचं पातं वापरत. प्राण जायचा तो छातीपोटातल्या घावानं, म्हणून लक्ष्य धड. आणि समोरचं टोक आपल्या छातीकडे येत असेल, तर शहाणा माणूस आधी ते बाजूला सारतो. तसं न करता जो स्वतःच भोसकायला धावेल, तो मारेल खरा, पण मरेलही.

गुण एकालाच मिळण्याचं कारण या शहाणपणात आहे. ज्यानं आधी हात लांबवून, टोक रोखून चाल केली, हल्ल्याचा हक्क त्याचा. समोरच्यानं ते पातं आपल्या पात्यानं अडवलं की हक्क पालटतो आणि लगेच केलेला उलटवार त्याचा. कलगी-तुऱ्याचा फड ज्यांनी ऐकलाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. समोरून सवाल आला की आधी त्याची उकल करायची, मग आपला सवाल टाकायचा. फॉइलमध्ये उत्तर चुकवून नुसता वार केलात, तर तुमचा दिवा लागूनही गुण समोरच्याचा.

हे सगळं घडतं डोळ्याची पापणी लवेतो. म्हणून टोकाच्या मागे नजर पळवू नका, ते दिसतच नाही. पाय बघा. पुढे कोण सरकतोय, कुणाची माघार अचानक थांबली, हे पायांतून कळतं. मग कान द्या. पात्यावर पातं खणकलं, की समजा बहुधा हक्क पालटला. आणि खेळ थांबल्यावर पंचांचे हात पाहा; हल्ला कुणाचा, अडवणूक कुणाची, उलटवार कुणाचा, ते सगळं क्रमानं खुणांनी सांगतात. मला तर हा भाग खेळाइतकाच आवडतो.

आता एका गावाची गोष्ट सांगायलाच हवी. इटलीतलं येझी, वस्ती चाळीसेक हजारांची. दुसऱ्या महायुद्धात एझिओ त्रिकोली ब्रिटिशांचे युद्धकैदी होते. छावणीत ते तलवारबाजी शिकले आणि परतल्यावर आपल्या गावातल्या मुलांना शिकवू लागले. १९९२ ते २०१२ या काळातल्या सहा ऑलिंपिकांत महिलांच्या वैयक्तिक फॉइलची पाच सुवर्णपदकं या एका गावच्या मुलींनी नेली! जोव्हाना त्रिल्लिनीचं एक, एलिसा दि फ्रान्चिस्काचं एक, आणि मधली सलग तीन व्हॅलेंतिना वेझ्झालीची.

त्यातली २००८ची बीजिंगची अंतिम लढत मिळाली तर जरूर बघा. समोर कोरियाची नाम ह्यून-ही, चणीनं लहान, पायानं विलक्षण चपळ. शेवटच्या मिनिटात नाम ५-४ अशी पुढे होती. वेझ्झालीनं बरोबरी साधली, आणि अगदी अखेरच्या सेकंदांत आणखी एकदा टोक लावून ६-५ असा सामना जिंकला. तिचं वय तेव्हा ३४ होतं. ते शेवटचं मिनिट दोनदा बघा. पहिल्यांदा दोघींचे पाय, आणि दुसऱ्यांदा डोळे मिटून, नुसती पाती ऐका.