सोबत करणारा देव, सोबत करणारी मंडळी



दुःखात ख्रिस्ती माणसाला सोबत कोणाची आणि धीर कशाचा, हा या संमेलनाचा विषय ठरला तेव्हा संमेलन मुंबईतल्या काळाचौकीत भरवावे, असा आग्रह आम्ही, स्वागत समितीने, धरला. आमच्या पश्चिमेला परळचे टाटा रुग्णालय आणि के. ई. एम. आहे. शिवडीच्या बाजूला क्षयरोग रुग्णालय आहे आणि आपली ख्रिस्ती दफनभूमीही तिथेच आहे. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढे टाटांच्या न्यासाने कर्करोगासाठी हे रुग्णालय उभारले आणि 1941 मध्ये ते सुरू झाले. आज देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे तिथे येतात. फायलींची पिशवी काखेत धरून पुढच्या तारखेची वाट पाहणारी कुटुंबे परळच्या पदपथांवर आपण रोज पाहतो. दुःख म्हणजे काय, हे या भागात कोणाला व्याख्या करून सांगावे लागत नाही.

हा गिरणगाव आहे. इंडिया युनायटेडच्या दोन आणि तीन क्रमांकाच्या गिरण्या याच काळाचौकीतल्या. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या संपाने किती घरांची चूल विझवली, हे इथल्या चाळींना विचारा. पण उधारीवर डबा देणाऱ्या खानावळवाल्या बायका आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी शेजारच्या पोराला वाढणाऱ्या आयाही याच चाळींत होत्या. त्या कोणत्या देवाचे नाव घेत होत्या, हे भुकेल्या पोराने विचारले नाही. सोबत कशी करावी, याचा धडा या वस्तीने आम्हा ख्रिस्ती माणसांनाही दिला आहे. आज जाहीरपणे तिचे ऋण मान्य करतो.

मित्रहो, आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत या विषयाची दोन फार मोठी माणसे होऊन गेली. पहिल्या पंडिता रमाबाई. दुष्काळी भटकंतीत आईवडील गेले, थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास गेला आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावीही गेले. पदरात लहानगी मनोरमा होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईतच विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यातून केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. दुष्काळाने जिचे घर खाल्ले, तीच बाई दुष्काळातल्या मुलींना उचलायला धावली, यातच त्यांच्या विश्वासाची साक्ष आहे. 1921 मध्ये मनोरमाही गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी खाली ठेवले नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी देह ठेवला.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. 10 फेब्रुवारी 1895 रोजी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या संसारावर आभाळ कोसळले. काही वर्षे ताटातुटीत गेली. पुढे त्या नगरला पतीजवळ राहायला आल्या, तेव्हा त्यांनी धर्म बदललेला नव्हता. आधी सहवास झाला, विश्वास मागाहून आला. 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. 9 मे 1919 रोजी टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. शाळेचे शिक्षण न लाभलेल्या या बाईने ते हाती घेऊन पुरे केले, आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी आत्मचरित्राचे शिखर उभे केले. इतके सोसलेल्या बाईच्या लेखणीत कडवटपणाचा लवलेश नाही. मला हा कृपेचा पुरावा वाटतो.

दुःख का येते, याचे उत्तर या दोघींनी दिले नाही. पवित्र शास्त्रही ते एका ओळीत देत नाही. त्यातल्या ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखात त्याच्याजवळ आले आणि सात दिवस व सात रात्री एक शब्दही न बोलता जमिनीवर बसून राहिले. तोवर ते खरे मित्र होते. दुःखाची कारणे सांगायला त्यांनी तोंड उघडले आणि ईयोबाच्या जखमेवर मीठ पडू लागले. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने शिष्यांना जवळ जागे राहायला सांगितले आणि ते झोपी गेले. वधस्तंभ वाहताना त्याच्यासाठी कुरेनेकर शिमोनाला खांदा द्यावा लागला. आपला देव दुःखाकडे वरून पाहत बसलेला नाही. तो एकटेपण भोगलेला, मित्रांची वाट पाहिलेला, जखमांचे व्रण अंगावर घेऊनच उठलेला देव आहे. म्हणून ख्रिस्ती माणूस रात्री तीन वाजता वॉर्डातल्या खाटेवर पडल्या पडल्या त्याला हाक मारू शकतो. पलीकडच्याला ही वेदना ठाऊक आहे, हीच त्याची खात्री असते आणि हाच त्याचा धीर.

पण या धीराचा आपण गैरवापर करतो, हेही आज बोलले पाहिजे. आजाऱ्याच्या उशाशी बसून “हे पापाचे फळ आहे” किंवा “तुमचा विश्वास कमी पडला” असे म्हणणारी माणसे आपल्याच मंडळ्यांत आहेत. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी असाच प्रश्न विचारला होता, तेव्हा प्रभूने त्याच्यावर किंवा त्याच्या आईबापांवर पापाचा ठपका ठेवू दिला नाही. पौलाने तीनदा विनवणी करूनही त्याच्या देहातला काटा निघाला नाही. त्याचा विश्वास कमी होता, असे म्हणायला कोणाची जीभ धजेल? प्रार्थना करा आणि औषधही वेळेवर घ्या. डॉक्टरांचे हात हीसुद्धा देवाचीच देणगी आहे. आणि घरात मार खाणाऱ्या बाईला “वधस्तंभ समजून सोस” असा सल्ला कोणी देऊ नये. रमाबाईंनी मुलींना छळ सोसायला शिकवले नाही, त्यांना छळातून बाहेर काढले.

या संमेलनाने चर्चेबरोबर कामही हाती घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक मंडळीने रुग्णालयातल्या भेटींसाठी माणसे नेमावीत. गावाकडून उपचाराला येणाऱ्या कुटुंबाला डबा, रात्रीची पथारी आणि रांगेत उभे राहायला एक माणूस मिळावा, मग ते कुटुंब कोणत्याही धर्माचे असो. त्या डब्याच्या बदल्यात कोणाकडून काही मागू नये, प्रार्थनेला येण्याचे वचनसुद्धा नाही. दफनानंतर घर रिकामे होते. खरी सोबत तेव्हापासून लागते, म्हणून चाळीसाव्या दिवशीही कोणीतरी त्या घराची कडी वाजवावी. आणि जे स्वतः दुःखातून गेले आहेत, त्यांना या कामात पुढे बसवावे. त्यांच्याइतके या शाळेत कोणी शिकलेले नाही.

आपल्यापैकी काहीजण आजारपणातून उठून आले आहेत, काहीजण नुकतेच जिवलगाला माती देऊन आले आहेत. त्यांना सांगतो, इथे हसरा चेहरा करून बसायची गरज नाही. रडू आले तर रडा, आम्ही शेजारी आहोत. आपणा सर्वांचे काळाचौकीत प्रेमपूर्वक स्वागत करतो आणि संमेलनाध्यक्षांना संमेलनाची सूत्रे हाती घेण्याची विनंती करतो.