नोकऱ्या बदलताना
(मंडळाच्या गणेशोत्सवात तरुण सभासदांसमोर केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला ‘स्थिर करिअर’ या विषयावर बोलायला सांगितले. रेल्वेतला माणूस एकदा चिकटला की निवृत्तीपर्यंत हलत नाही, असा समज त्यामागे असावा. पण डिप्लोमा झाल्यावर पहिल्या चार वर्षांत मी तीन ठेकेदारांकडे काम केले. एकाने तीन महिन्यांचा पगार थकवला, दुसऱ्याची साइटच संपली. घरचे म्हणत, याचे बूड कुठे टेकत नाही. आज आपली बरीच मुले याच अवस्थेत आहेत. ठेका संपला की नोकरी संपते, त्यात मुलांचा काय दोष? लग्नाच्या बैठकीत मात्र हे कोणी ऐकून घेत नाही. ते असो.

आमच्या कामातले एक सांगतो. दोन रूळ थर्मिट वेल्डिंगने जोडले की त्या सांध्यापाशी महिना, वर्ष, एजन्सी आणि वेल्डरचा संकेतांक नोंदवतात. पुढे सांधा तुटला तर तो कोणी, कधी केला ते कळते. नोकरी सोडताना तुमच्या हातात असे काय असते? ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले’ एवढ्या दाखल्याने पुढच्या मुलाखतीत भागत नाही. किती किलोमीटर लाइन टाकली, कोणत्या पुलावर होता, मोजमापे तुम्ही घेतलीत का, हे त्यात लिहून घ्या. आणि साइट चालू असतानाच घ्या. नंतर सही करणारे साहेबही दुसरीकडे गेलेले असतात!

दुसरे पी. एफ.चे. नोकरी सुटली की पैसे काढायचे आणि मोटारसायकल घ्यायची, असे सर्रास चालते. २०१४ पासून यूएएन हा एकच क्रमांक मिळतो, जुने खाते नव्यात वर्ग करता येते. सलग ५ वर्षे भरण्याआधी पैसे काढले तर कर लागू शकतो. वर्ग केले तर आधीच्या मालकाकडची वर्षेही धरतात. पेन्शन योजनेत असाल तर १० वर्षांची सेवा लागते. ती चार मालकांकडे मिळून भरली तरी चालते.

जे सरकारी नोकरीत आहेत त्यांनी दुसरीकडचा अर्ज खात्यामार्फतच करावा. मग तांत्रिक राजीनामा देता येतो आणि आधीची सेवा वाया जात नाही.

स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या झोनमध्ये बदली घेतली की ज्येष्ठता यादीत तळाला जावे लागते. सौ. शाळेत कायम झाल्या होत्या, मुलगी तिसरीत होती, म्हणून मी ती घेतली. माझ्याबरोबर लागलेले दोघे माझ्याआधी सीनियर सेक्शन इंजिनिअर झाले. घरी बसून हिशेब केला होता, मगच सही केली.

ज्यांची साइट दिवाळीच्या सुमारास संपते आहे, त्यांनी प्रसादानंतर थांबावे. दाखल्याचा मसुदा आजच करून टाकू.