अवघड प्रसंग आणि बालकांची चित्रपुस्तके



 ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाडच्या परिसरात ज्या बालकांसाठी आपले आयुष्य झिजविले, त्यांच्याच वयाच्या वाचकांविषयी मला आज बोलावयाचे आहे. बालसाहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने साऱ्या वाङ्मयप्रकाराचा आढावा घ्यावा असा रिवाज आहे. त्या रिवाजातून सवलत मागून मी एकाच प्रश्नापुरते निवेदन करणार आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलाच्या घरी मृत्यू, आजार, ताटातूट किंवा भय यांचा प्रवेश झाला असता त्याच्या हाती कोणते चित्रपुस्तक द्यावे, आणि ते कोणत्या कसोटीवर निवडावे, हा तो प्रश्न होय.

हा विषय आपल्याकडे नवा आहे, असे कोणी समजू नये. मराठी मूल जी गोष्ट सर्वांत आधी ऐकते, त्या काऊ-चिऊच्या गोष्टीतच एक घर पावसात वाहून जाते आणि बेघर झालेला जीव भिजत दुसऱ्याच्या दारी उभा राहतो. ते दार उघडण्यास किती विलंब लागतो, हेही ती गोष्ट लपवीत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त मातेचा आजार व मृत्यू आहे, सावकाराचा तगादा आहे, दारिद्र्यातील अपमान आहे, आणि महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी ते पुस्तक बालपणीच वाचले आहे. आपली परंपरा अशी निर्भय असता, अक्षरओळख न झालेल्या लहानग्यांसाठी जी चित्रपुस्तके आपण छापतो व विकत घेतो, त्यांतील बहुतेकांतून मात्र दुःखास हद्दपारीचा हुकूम झालेला दिसतो. तेथे ससे उड्या मारतात, फुलपाखरे बागडतात, वाढदिवस साजरे होतात, आणि या आनंदाविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. परंतु ज्या मुलाच्या घरातील खाट काल रिकामी झाली, त्याला या पुस्तकांत स्वतःसाठी काही सापडत नाही, ही उणीव आपण गांभीर्याने दप्तरी नोंदवून घेतली पाहिजे.

लहान मुलाला मृत्यू कळत नाही, म्हणून त्याविषयी त्याच्याशी बोलू नये, हा युक्तिवाद सर्वत्र ऐकू येतो. मारिया नॉज या विदुषीने हंगेरीतील बालकांच्या मृत्युविषयक कल्पनांचा केलेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालील मुले मृत्यूला एक प्रकारची झोप किंवा प्रवास समजतात, असे तिला आढळले. पुढील संशोधकांनी या आकलनाचे घटक वेगळे करून दाखविले: मेलेला परत येत नाही, त्याचे श्वास घेणे, भूक लागणे, दुखणे हे सारे थांबते, आणि मृत्यू प्रत्येक सजीवाला येतो. बहुतेक मुलांना हे साधारणतः पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगू लागते. झोप आणि प्रवास यांच्याशी मृत्यूची आधीच गल्लत करणाऱ्या मुलास आपण ‘आजोबा झोपले’, ‘आजोबा गावाला गेले’ असे सांगतो, तेव्हा त्याच्या गैरसमजावर आपल्या वडीलकीची मोहोर उठवितो. मग ते मूल रात्री डोळे मिटावयास घाबरते, किंवा आई बाजारास निघाली तरी तिचा पदर सोडीत नाही, आणि हा हट्ट कोठून उद्भवला याचा घरात कोणासच उलगडा होत नाही. ‘देवाघरी गेले’ असे ज्या घरी श्रद्धेने म्हटले जाते, तेथे ते म्हणू नये असे मी सुचवीत नाही. त्याबरोबरच आजोबांचे शरीर चालेनासे झाले आणि ते आता परत येणार नाहीत, हेही स्पष्ट शब्दांत सांगावे, एवढीच माझी विनंती आहे.

म्हणून माझ्या मते पहिली कसोटी पुस्तकाला नव्हे, तर ते निवडणाऱ्याला लावावी लागते. ‘हे मुलाला झेपेल काय’ असे आपण विचारतो, तेव्हा पुष्कळदा ‘हे मला त्याच्यासमोर मोठ्याने वाचता येईल काय’ हाच आपल्या मनातील खरा प्रश्न असतो. कंठ दाटून येईल, मूल उलट काही विचारील, उत्तर सुचणार नाही, या धास्तीने आपण सच्चे पुस्तक बाजूस सारतो आणि गुळगुळीत पुस्तक पसंत करतो. मुलाचे रक्षण केले, अशी आपली प्रामाणिक समजूत असते. प्रत्यक्षात ते एकटे पडते, कारण घरात काही भयंकर घडले हे त्याने पाहिलेले असते, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही हेही त्याने पाहिलेले असते.

दुसरी कसोटी चित्राची. ज्या पुस्तकात चित्र हे मजकुराचे केवळ अनुवादक असते, ते या कामी फारसे उपयोगी पडत नाही. शब्द जेथे थांबतात तेथून पुढचे चित्राने सांगावे लागते. जॉन बर्निंगहॅम यांचे १९८४ सालचे ‘ग्रँपा’ हे पुस्तक या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. एक मुलगी व तिचे आजोबा यांच्या तुटक संवादांवर ते उभे आहे, आणि दोघांचे बोलणे दोन निरनिराळ्या ठशांत छापलेले आहे. दोघे रोपे लावतात, समुद्रकिनारी जातात, एकदा नात नको ते बोलून जाते आणि दोघे एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात. पुढे एके दिवशी आजोबा खेळावयास बाहेर येऊ शकत नाहीत, इतकेच आपणांस कळते. आणि त्यानंतर पान उलटताच आजोबांची खुर्ची रिकामी दिसते, नात समोर बसून तिच्याकडे पाहत असते, आणि तेथे एकही शब्द नाही. आजोबा वारले असे वाक्य न लिहिताही या पुस्तकाने असत्याचा आश्रय घेतलेला नाही. ती खुर्ची रिकामी आहे आणि रिकामीच राहते. बोलण्याचे काम लेखकाने मुलाशेजारी बसलेल्या माणसासाठी राखून ठेवले आहे.

तिसरी कसोटी सांत्वनाची. वोल्फ एर्लब्रुख या जर्मन चित्रकाराच्या २००७ सालच्या पुस्तकात मृत्यू हा चौकड्यांचा लांब झगा घातलेला, कवटीच्या मुखाचा, एका बदकाचा सौम्य सोबती आहे. तळ्यावरून आल्यावर त्याला थंडी वाजते तेव्हा बदकच त्याला ऊब देते, आणि अखेरीस तो बदकाचा निष्प्राण देह मोठ्या नदीवर हळुवारपणे ठेवतो. मायकेल रोझेन यांनी आपला तरुण मुलगा गमावल्यानंतर लिहिलेले, आणि क्वेंटिन ब्लेक यांनी चित्रित केलेले २००४ सालचे पुस्तक तर सरळ स्वतःच्या दुःखाविषयीच आहे. या दोन्ही ग्रंथांत सर्व काही पूर्ववत झाले असे खोटे आश्वासन नाही. मोठी माणसेही दुःखी होतात, ते दुःख मुलाच्या एखाद्या खोडीमुळे वा रागामुळे ओढवलेले नसते, आणि दुःख असतानाही माणसे जेवतात, बोलतात, क्वचित हसतात, हे मुलाला कळणे हेच खरे सांत्वन होय. कारण या वयात ‘मी रागावलो म्हणून असे झाले’ हा संशय मुलाच्या मनात फार सहज रुजतो.

तथापि अशा परदेशी पुस्तकांच्या भाषांतरांनी आपले काम भागणार नाही. दुःख ज्या घरात शिरते, ते घर मुलाला आपले म्हणून ओळखता आले पाहिजे. आपल्याकडे घरात मृत्यू झाला की मुलाला शेजारच्या काकूंकडे पाठवितात. ते परत येते तेव्हा खाट उचललेली असते, कोपऱ्यात दिवा तेवत असतो, वडिलांच्या डोक्यावरचे केस नाहीसे झालेले असतात, आणि दहाव्या दिवशी घाटावर सारी मोठी माणसे पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत तिष्ठत राहतात. ज्याच्या परिचयाचा कावळा गोष्टीतला, त्या मुलाच्या मनात तेथे काय येत असेल, हे चित्र मराठी चित्रकाराने काढावयाचे नाही तर कोणी काढावयाचे? त्याचप्रमाणे दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडील ऊसतोड कामगार कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि त्यांची मुले फडावरच्या कोपीत तरी राहतात, नाही तर कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात. दरसालच्या या ताटातुटीला चित्रपुस्तकांत हक्काची जागा मिळाली पाहिजे. हे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांतून मराठी घराचे चित्रण किती जिव्हाळ्याने करता येते हे सिद्ध केले आहे, तर चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने काढलेल्या ‘मुकंद अँड रियाझ’मध्ये नीना सबनानी यांनी वडिलांच्या बालमैत्रीच्या आठवणीतून फाळणीसारखा विषय लहानांपुढे ठेवला आहे.

आता काही सूचना. प्रकाशकांनी अशा पुस्तकांच्या शेवटी तात्पर्य छापू नये. रंगीत छपाईचा खर्च अडचणीचा असेल तर प्रथम बुक्सने २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’ या ऑनलाइन मंचाद्वारे चालविलेल्या मुक्त परवान्याच्या प्रयोगाचा अभ्यास करावा. ग्रंथपालांनी ही पुस्तके ‘दुःखद’ अशी चिठ्ठी लावून कुलुपात ठेवू नयेत. ती इतर पुस्तकांतच, मुलाच्या हाताला येतील अशी मांडावीत, कारण प्रसंग ओढवण्यापूर्वी हाताळलेले पुस्तकच प्रसंगी जवळचे वाटते. शिक्षकांनी व पालकांनी ते आधी एकट्याने वाचावे, मुलासमोर सावकाश वाचावे, त्याने पान मागे उलटले तर उलटू द्यावे, आणि नको म्हटले तर बिनतक्रार मिटावे. सुरक्षित व असुरक्षित स्पर्शाविषयीचे पुस्तक वाचताना मुलाने काही सांगितले, तर मात्र पुस्तकावर विसंबून राहू नये. मुलावर विश्वास ठेवावा, आणि बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशा अपराधाची खबर पोलिसांस देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, याचे स्मरण ठेवावे.

मित्रहो, पुस्तक दुःख नाहीसे करीत नाही, आणि तशी अपेक्षाही त्याजकडून करू नये. मुलाला जे दिसले आहे ते खरे आहे, आणि त्याविषयी विचारण्याची त्याला पूर्ण मुभा आहे, एवढी ग्वाही त्याने दिली तरी त्याचे काम झाले; पुढची जबाबदारी आपली. पुढील संमेलनापूर्वी आपल्यापैकी प्रत्येक लेखकाने, चित्रकाराने आणि प्रकाशकाने आजवर टाळलेला एक तरी विषय हाती घ्यावा, असे मी आपणांस आग्रहपूर्वक आवाहन करतो.