युरियाचं पोतं आणि नदीचं पाणी

कुणी भांगलणीला असाल, कुणी चुलीपुढं, कुणी गटाच्या बैठकीत एकत्र बसून रेडिओ ऐकत असाल. आज आम्ही पंचगंगेबद्दल बोलणार आहोत. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीला ती कृष्णेला भेटते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत तिचं नाव आहे, हेही आता सगळ्यांना कळलंय.

नदी कुणी घाण केली असं विचारलं, की आपण शहराच्या मैलापाण्याकडं आणि कारखान्यांच्या सांडपाण्याकडं बोट दाखवतो. ते बरोबरच आहे. त्यासाठी गावांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली, आणि पुढंही द्यावी लागतील. पण नदीत तिसरंही एक पाणी येतं. त्याबद्दल मात्र आपण गप्प असतो, कारण ते आपल्या शेतातून येतं.

शहराचं पाणी नाल्यातून येतं, कारखान्याचं पाइपातून. १९७४ च्या पाणी कायद्याप्रमाणे असं सांडपाणी सोडायला परवानगी लागते. अधिकारी येऊन नमुना घेऊ शकतो, नोटीस काढू शकतो. शेतातल्या पाण्याला पाइप नसतो. हजारो एकरांतून ते झिरपत, ओघळत ओढ्याला येतं आणि ओढ्यातून नदीला. कुणाच्या रानातलं किती, ते कुणालाच सांगता येत नाही. ते अडवायचं तर जिथं खताचं पोतं फुटतं तिथंच अडवावं लागेल. आणि किती पोती फोडायची हे ठरवताना घरातल्या बाईला कोण विचारतं, हा आजचा आपला प्रश्न आहे.

आधी बघू या, शेतातलं खत नदीत जाऊन करतं काय. युरियातला नत्र आणि दाणेदार खतातला स्फुरद पिकासाठी असतो. पिकानं जेवढा घेतला तेवढा घेतला. उरलेला नत्र पाण्याबरोबर खाली जातो किंवा वाहून जातो. स्फुरद मातीला चिकटतो आणि माती वाहिली की तिच्याबरोबर जातो. नदीत पोचल्यावर ते केंदाळाचं खत होतं. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घालतात, पाणी साठतं. साठलेलं पाणी, वरून ऊन आणि पाण्यात आयतं खत, मग केंदाळ फोफावतं. ते पाण्यावर चादरीसारखं पसरतं. खाली उजेड जात नाही. ते कुजायला लागलं की पाण्यातला प्राणवायू संपतो. मग बरगे काढल्यावर किंवा वळवाच्या पावसात तुंबलेलं पाणी एकदम सुटलं, की मासे तडफडून वर येतात. मेलेले मासे दिसले की पेपरात बातमी येते. त्याआधी वर्षभर साठत गेलेलं खत मात्र दिसत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही, ती म्हणजे पिण्याच्या पाण्यातलं नायट्रेट. नत्राचं मातीत नायट्रेट होतं आणि ते विहिरीत, बोअरमध्ये उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तुरटी फिरवून ते जात नाही, टीसीएल पावडर टाकून जात नाही. पाणी उकळलं तर उलट ते आणखी दाट होतं. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे एक लिटर पिण्याच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेलं वरचं दूध दिलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडू शकतं. म्हणून घरात लहान बाळ असेल तर सहा महिने आईचंच दूध द्या. काही कारणानं वरचं दूध द्यावं लागत असेल, तर कुठलं पाणी वापरायचं हे आशाताईंना आणि डॉक्टरांना विचारा.

आपल्या गावाच्या पाण्यात नायट्रेट किती आहे, हे कळायची सोय आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं आणि त्यासाठी पेटी द्यायची, असं ठरलेलं आहे. त्या पेटीत नायट्रेटचीही तपासणी होते. काही गावांत ही पेटी कपाटात कुलूपबंद असते. तेव्हा पहिलं काम हेच. ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, आपल्या गावच्या पाच जणी कोण, पेटी कुठं आहे, शेवटची तपासणी कधी झाली आणि आकडा किती आला. पेटीतल्या तपासणीत नायट्रेट जास्त दिसलं, तर तो नमुना प्रयोगशाळेत पाठवायला लावा.

आता शेताकडं येऊ. "खत कमी करा" असं कुणी सांगितलं की घरातून लगेच उत्तर येतं, "उतारा घटला तर सोसायटीचं कर्ज कोण फेडणार?" हा प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही डोळे झाकून कमी करा म्हणणार नाही. आम्ही म्हणतो, मोजून घाला.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाची आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी १६० किलो. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात साधारण २०.७ किलो नत्र असतो. म्हणजे सगळा नत्र युरियातूनच दिला, तरी आडसालीला एकरी साधारण आठ पोती आणि सुरूला पाच पोती पुरतात. डीएपी किंवा १०:२६:२६ घालत असाल, तर त्यातही नत्र असतो, तो यातून वजा करायचा. हे वजा करणंच बहुतेक घरांत राहून जातं. माती परीक्षण केलं असेल, तर त्याप्रमाणे आकडा आणखी नेमका होतो. घरातली मुलं शाळेत गुणाकार-भागाकार शिकतात, त्यांच्याकडून हा हिशेब वहीत लिहून घ्या.

हा नत्रही एकदम द्यायचा नसतो. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेला ४० टक्के. आडसाली लागण होते जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात. सरीत वरून फेकलेलं खत त्या पावसात उसापेक्षा आधी ओढ्याला पोचतं. म्हणून उघडीप बघून द्या आणि मातीआड करा. खोडव्यातलं पाचट जाळू नका, सरीत पसरू द्या. त्यानं ओल टिकते, माती वाहत नाही आणि कुजून त्याचंच खत होतं.

घरात पटत नसेल तर भांडू नका. रानाच्या एका कडेच्या दहा सऱ्या मागून घ्या. त्यांना हिशेबानं खत द्या, बाकीच्यांना नेहमीसारखं. तोडणीला दोन्हीकडच्या दहा-दहा सऱ्यांचं वजन करा. मग जे दिसेल त्यावर बोला.

नदीकाठी, ओढ्याकाठी रान असेल तर अगदी काठापर्यंत नांगरू नका. चार-सहा हातांचा पट्टा सोडून वाळा, गवत, करंज लावा. वाळ्याची मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. वैरणीचं गवत लावलं तर जनावरांचंही भागतं. औषध मारायचा पंप नदीत, ओढ्यात धुवू नका. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, बाटलीला भोक पाडा, घरात वापरू नका. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा आहे म्हणून ते औषध निर्धोक आहे असं समजू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, हे विसरायचं नाही.

पण मैत्रिणींनो, सगळा भार शेतकऱ्याच्या घरावर टाकून भागणार नाही. आपल्या रानात युरिया जास्त का पडतो? कारण तो सगळ्यात स्वस्त आहे. ४५ किलोचं पोतं पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळतं, तो भाव सरकारनं बांधून दिलाय. पोटॅशचं पोतं त्याच्या कितीतरी पट महाग. मग हात युरियाकडंच जाणार. शेणखताला असं अनुदान नाही, ताग-धैंचा गाडणाऱ्याला नाही. उसाला कायद्यानं ठरलेला भाव आहे आणि न्यायला कारखाना आहे. ज्वारी-भुईमुगाला हमीभाव कागदावर असतो, बाजारात गेलं की व्यापारी सांगेल तो भाव. म्हणजे नदीतलं केंदाळ दिल्ली-मुंबईत ठरणाऱ्या भावांवरही पोसतं. आणि भाव कसे ठरतात, हा राजकारणाचा विषय आहे.

जगात याला हिरवं राजकारण म्हणतात. जर्मनीत १९८० साली नद्या, जंगलं, हवा यांचा प्रश्न घेऊन एक पक्ष निघाला आणि तीन वर्षांत त्यांच्या संसदेत पोचला. पण हे राजकारण शेतकऱ्याला बाजूला ठेवून केलं की काय होतं, तेही बघायला मिळालंय. श्रीलंकेत २०२१ साली सरकारनं रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. पर्यायी खत हाताशी नव्हतं, भाताचं पीक घसरलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारला माघार घ्यावी लागली. नेदरलँड्समध्ये गोठ्यांमधून मातीत, पाण्यात, हवेत जाणारा नत्र कमी करायचं ठरलं, तर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत तिथं शेतकऱ्यांच्या एका नव्या पक्षानं बाजी मारली. नदी हवी आणि शेतकरीही टिकायला हवा. यातलं एक सोडलं की दुसरंही हातचं जातं.

आपल्याकडं ही सांगड कोण घालणार? आम्हाला वाटतं, बायका घालू शकतात. खत विस्कटायला आपण, भांगलायला आपण, पाणी भरायला आपण आणि आजारी माणसाच्या उशाशी बसायलाही आपण. शेत आणि पाणी दोन्ही आपल्या हाताखालून जातं. फक्त सातबाऱ्यावर नाव नसतं, म्हणून दुकानात आणि सोसायटीत आपला शब्द चालत नाही. लक्ष्मीमुक्ती योजनेतून नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. १९९२ पासून ही सोय आहे. तलाठ्याकडं चौकशी करा. नाव लागणं हेही नदीचंच काम आहे.

राज्यातल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तसा कायदा आहे. त्या सभेत चहा पिऊन सह्या करून उठू नका. तीन ठराव मांडा. एक, पाण्यातल्या नायट्रेटचा आकडा पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर फळ्यावर लिहायचा. दोन, गावच्या आराखड्यात माती परीक्षणाचं शिबिर आणि ओढ्याकाठच्या गवताचा पट्टा घ्यायचा. तीन, पाचट कुजवणाऱ्याला आणि हिरवळीचं खत करणाऱ्याला अनुदान मिळावं, अशी मागणी गावाच्या नावानं आमदार-खासदारांकडं पाठवायची. ठराव वहीत लिहिला गेला की नाही, ते स्वतः वाचून बघा आणि नक्कल मागून घ्या. पुढं कुणी मत मागायला आलं, की तीच नक्कल त्याच्यापुढं धरायची आणि विचारायचं, याचं काय केलंत?

शहराला आणि कारखान्याला जाब विचारायचाच आहे. आपल्या बांधावरचा हिशेब वहीत लिहिलेला असेल, तर तो जास्त ठणकावून विचारता येईल. येत्या बैठकीत एवढं करा. दोघींवर पाण्याच्या पेटीचं काम सोपवा आणि दोघींवर खताच्या हिशेबाचं. काय कळलं ते आम्हाला कळवा, आम्ही ते रेडिओवरून इतर गावांना सांगू. नमस्कार.