पुरस्कार आणि सेवाप्रकल्प
(केंद्रातील शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आपल्या बऱ्याच शाळांतून स्काऊट-गाईडची पथके चालू आहेत. बालवीर आणि वीरबाला ही जुनी नावे माझ्या कानाला अधिक गोड लागतात. परंतु रूढ शब्दांशी भांडण नको.

भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली व पुढील वर्षी मुलींची गाईड संघटनाही तीत विलीन झाली. प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, असा तिचा चढता क्रम आपणांस परिचित आहेच. या वाटेवर गाठी मारणे, प्रथमोपचार, तंबू उभारणे यांची परीक्षा घेता येते. सेवेची परीक्षा मात्र अवघड आहे, आणि तेथेच आपण घसरतो.

एका शाळेत मी बारा मुलांच्या नोंदवह्या चाळल्या. बाराही वह्यांत फळ्यावरून उतरवून घेतलेले एकच वाक्य होते: "आम्ही ग्रामसफाई केली व ग्रामस्थांनी आमचे कौतुक केले." सोबत छायाचित्र होते. त्यातील झाडूवरचा दुकानातील कागदही निघालेला नव्हता. आपल्यावर शाळाबाह्य कामांचा किती भार आहे हे मी जाणतो. तरीही स्पष्ट बोलणे माझे कर्तव्य आहे. काम न करता त्याची नोंद कशी करावी, एवढेच त्या बारा मुलांना शिकावयास मिळाले. तो धडा त्यांना शाळेने दिला होता.

अमेरिकेतील स्काऊट चळवळीत 'ईगल स्काऊट' हा सर्वोच्च सन्मान १९१२ पासून दिला जातो. त्यासाठी स्वतंत्र सेवाप्रकल्पाची अट १९६५ साली आली. किती तास काम केले याला तेथे किमान मर्यादा नाही. मुलाने काम स्वतः आखले काय, इतरांना बरोबर घेऊन ते पार पाडले काय, हे पाहिले जाते. आराखडा आरंभापूर्वीच मंजूर करून घ्यावा लागतो, आणि काम स्काऊट संस्थेच्याच उपयोगाचे असून चालत नाही. आपले नियम निराळे आहेत व ते तसेच पाळावेत. ही दृष्टी उसनी घेण्यास मात्र प्रत्यवाय नसावा.

सहावी-सातवीच्या मुलांना झेपेल असे एक काम सांगतो. डेंग्यूचा डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. रांजण, टाकी, अंगणातील टायर, करवंटी, काहीही त्याला पुरते. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून घासले, तर हे चक्र तुटते. घासणे अगत्याचे, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात व कोरडी पडूनही दीर्घकाळ टिकतात. 'कोरडा दिवस' म्हणतात तो हाच.

आता खरी अडचण पहा. जेथे नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते, तेथे "काकू, पाणी ओतून द्या" असे सांगणारे मूल पहिल्याच दारातून परत फिरेल. त्याला विचार करावा लागतो. पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्यावे, रांजण घासावा, पाणी पुन्हा भरून वर घट्ट कापड बांधावे, ही तोड त्याला काकूंशी बोलता बोलताच सापडते. आपण ती आधी सांगून टाकू नये. मला तर संपूर्ण प्रकल्पात हाच क्षण मोलाचा वाटतो.

नोंद साधी असावी. पहिल्या रविवारी वीस घरांत किती भांडी पाहिली व किती भांड्यांत अळ्या आढळल्या. चौथ्या आठवड्यानंतर त्याच घरांत किती. आकडा उतरला नसेल तर तसेच लिहावे, आणि का उतरला नाही हे मुलाला विचारावे. अशी वही मी अधिक आदराने वाचीन.

काळजीही घ्यावी. मुले जोडीने जावीत, आशाताईंना आधी कळवावे, घरच्यांची अनुमती असावी. उंच टाकीवर चढणे, खोल हौदात वाकणे व औषध हाताळणे पूर्णतः वर्ज्य.

पुढील परिषदेस येताना प्रत्येक पथकाने एक आराखडा आणावा. तो मुलाच्या अक्षरात, मुलाच्या शब्दांत असावा. शुद्धलेखन तपासू नये. छायाचित्रे जोडण्याची आवश्यकता नाही.