दुसऱ्या वैद्याचा विचार

(मंडळाच्या कोपर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी वैद्यक शिकलेला नाही. मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करली आणि सारे आयुष्य खडू-फळ्यात गेले. तेव्हा रोगाविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु रोग्याने व त्याच्या घरच्या माणसांनी कसे वागावे याविषयी चार शब्द बोलण्यास वैद्यकाची पदवी लागू नये, असे वाटून कार्यकारी मंडळाची आज्ञा मी मान्य केली. विषय असा, की एका डॉक्टरांनी मोठा आजार किंवा मोठी शस्त्रक्रिया सांगितली असता दुसऱ्या डॉक्टरांचा विचार घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर कोणत्या रीतीने.

आपल्या लोकांना याचा संकोच फार. ज्या डॉक्टरांच्या औषधावर आपली मुले लहानाची मोठी झाली, त्यांना काय वाटेल, ही भीती मनात असते. मग काही जण गप्प बसतात, तर काही जण लपूनछपून दुसरीकडे जातात आणि तेथे पहिले कागदच दाखवीत नाहीत. परिणामी दुसरे डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतात. त्याच तपासण्या, तोच खर्च आणि हाती निम्मीच माहिती.

आम्हा शिक्षकांच्या व्यवहारातील एक गोष्ट सांगतो. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका परीक्षक तपासतो, आणि त्यांतील काही नियामक पुन्हा पाहतो. एवढ्याने कोणी परीक्षक रुसल्याचे मी पाहिले नाही. मुलाच्या एका वर्षाचा प्रश्न असता आपण दोन माणसांची नजर आवश्यक मानतो, तर माणसाच्या देहाचा प्रश्न असता ती अपमानास्पद कशी ठरावी?

ही गोष्ट परक्यांकडूनही आलेली नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘तद्विद्यसंभाषा’ सांगितली आहे. म्हणजे वैद्याने त्याच शास्त्राच्या जाणकाराशी विचारविनिमय करावा. तिचे दोन प्रकार तेथे दिले आहेत : एक सलोख्याने केलेला संवाद आणि दुसरा जिंकण्यासाठी घातलेला वाद. रोग्याला उपयोग पहिल्याचा, हे सांगावयास नकोच.

आजचा कायदाही तेच सांगतो. मेंदू मृत झाल्याचा निर्णय करून अवयवदान व्हावयाचे असेल, तर १९९४ च्या कायद्यान्वये एका डॉक्टरांचा शब्द पुरत नाही. चार डॉक्टरांचे मंडळ लागते आणि तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत, आजार गंभीर किंवा संशयास्पद असेल तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच दुसऱ्यांचा विचार घ्यावा, असे म्हटले आहे; आणि रोग्याने मागितल्यास त्याची वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत देण्याचे बंधनही त्यांच्यावर घातले आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क स्वतंत्रपणे नोंदला आहे. तेव्हा कागद मागणे ही याचना नव्हे.

दुसऱ्या नजरेवाचून काय घडते, याचे दुःखद उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली, असे जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. त्यांत ऊसतोडणीस जाणाऱ्या अनेक तरुण स्त्रिया होत्या. पिशवी ठेवली तर कर्करोग होईल, अशी भीती आपणांस घालण्यात आली, असे त्यांतील कित्येकींनी सांगितले. पुढे, खासगी रुग्णालयाने ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची अनुमती घ्यावी, असा दंडक तेथे घालण्यात आला. म्हणजे जे दुसरे मत त्या गरीब भगिनींना कोणी घेऊ दिले नाही, ते अखेर सरकारला सक्तीचे करावे लागले.

बीड दूर आहे, असे म्हणून चालणार नाही. आपल्या घरांतूनही स्त्रीचे दुखणे सर्वांच्या मागून पाहिले जाते, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय पुरुष मंडळी बाहेरच्या खोलीत करतात. आपल्या शेजारच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी सातासमुद्रापलीकडे गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या, त्या स्त्रियांना आपले दुखणे स्त्रीपाशी मोकळेपणाने सांगता यावे म्हणूनच. निदान एवढे तरी व्हावे, की जिच्या देहावर शस्त्र चालावयाचे तिला डॉक्टरांसमोर बसवून तिचे प्रश्न तिलाच विचारू द्यावे.

आता रीत सांगतो. पहिल्या डॉक्टरांना नम्रपणे व उघड सांगावे, “डॉक्टरसाहेब, निर्णय मोठा आहे, घरच्यांच्या समाधानासाठी आणखी एकांना दाखवून येतो.” जाणता डॉक्टर यावर रागावत नाही. सर्व अहवाल, क्ष-किरण चित्रे व चालू औषधांची यादी तारीखवार एका फायलीत लावावी. गाठीचा तुकडा तपासला असेल, तर केवळ छापील अहवाल पुरेसा नसतो. त्या तुकड्याची मेणातील वडी व काचपट्ट्या प्रयोगशाळेतून मागून घ्याव्या, म्हणजे दुसरे तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली त्या स्वतः पाहू शकतात. १९४१ साली सुरू झालेले टाटा रुग्णालय आणि १९२६ पासूनचे के. ई. एम. ही दोन्ही परळलाच आहेत, आणि कोपरहून मुंबईकडे जाणारी धिमी गाडी आपल्याला थेट तेथे उतरवते.

दोन्ही डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारावे : हे न केल्यास काय होईल? याखेरीज दुसरा उपाय कोणता? आणि थांबावयाचे तर किती दिवस थांबता येईल? उत्तरे वहीत लिहून घ्यावी. दोन मते जुळली तर मन निःशंक होते आणि रोगी धैर्याने शस्त्रक्रियेस सामोरा जातो. माझ्या मते हाही लाभ लहान नव्हे. मते जुळली नाहीत तर प्रत्येकाचे कारण विचारावे, आणि शक्य तर त्या दोघांनाच एकमेकांशी बोलण्याची विनंती करावी. तिसरा, चौथा, पाचवा डॉक्टर गाठून हात वर करून मते मोजण्याची ही निवडणूक नव्हे.

येथे इशाराही दिला पाहिजे. आपल्याला हवे तेच उत्तर मिळेपर्यंत दारोदार हिंडणे म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. कर्करोगासारख्या आजारात असे महिने दवडले तर बरा होणारा रोगही हाताबाहेर जातो. तसेच छातीत कळ, अंगावरून वारे जाणे, मोठा रक्तस्राव अशा वेळी दुसऱ्या मताचा विचारही करू नये. मेंदूतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तेथे जवळचे सुसज्ज रुग्णालय हेच पहिले आणि शेवटचे मत. आणि शेजारी, व्याही किंवा मोबाइलवर आलेला निरोप, यांपैकी कोणाचेही मत हे दुसऱ्या डॉक्टरांचे मत नव्हे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपला वैद्यकीय मदतनिधी शस्त्रक्रिया ठरल्यावर रुग्णालयाच्या बिलासाठी पैसे देतो. ते योग्यच आहे. परंतु दुसऱ्या तज्ज्ञांची तपासणी-फी व जाण्यायेण्याचा खर्चही त्याच निधीतून, शस्त्रक्रियेच्या आधी, देण्यात यावा. ज्या वृद्धांची मुले परगावी आहेत त्यांच्याबरोबर जाण्यास तरुण मंडळींपैकी दोघाचौघांनी नावे नोंदवावी. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या कानी डॉक्टरांचे निम्मेच बोलणे पडते. बिलाच्या मानाने हा खर्च अल्प आहे, आणि त्यातून एखाद्या घरी अनावश्यक शस्त्रक्रिया टळली, किंवा आवश्यक ती वेळेवर झाली, तर वर्गणीचा पैसा सत्कारणी लागला असे आपण सर्वजण समाधानाने म्हणू शकू.