होलोवे रस्त्यावरचा ध्वनिमुद्रक

ग्रामोफोनच्या तबकडीवर गवयाचें नांव असतें, रागाचें असतें, कंपनीचें तर सर्वांत ठळक असतें. परंतु ज्यानें तो आवाज पकडला त्याचें नांव सहसा नसतें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिनें ज्या तबकड्या भरल्या, त्यांच्या शेवटीं ती स्वतःचें नांव इंग्रजींत सांगते, आणि तें सांगणें गाण्याइतकेंच प्रसिद्ध झालें. तिच्यासमोर कर्णा मांडून बसलेला फ्रेड गायसबर्ग मात्र कित्येक शौकिनांना ठाऊकहि नसतो. गायसबर्ग हा कंपनीचा मनुष्य. यंत्रें कंपनीचीं, प्रवासखर्च कंपनीचा, आणि तबकडी खपली नाहीं तर बुडणारा पैसाहि कंपनीचाच. हाच धंदा कंपनीबाहेर राहून, भाड्याच्या घरांत व स्वतःच्या जबाबदारीवर करूं गेल्यास काय होतें, हें पहावयाचें असेल तर लंडनच्या जो मीकचें चरित्र पहावें.

मीकचा जन्म ५ एप्रिल १९२९ रोजीं ग्लॉस्टरशायर परगण्यांतील न्यूएंट या लहानशा गांवीं झाला. विमानदलांतील सक्तीच्या नोकरींत तो रडार यंत्रें हाताळावयास शिकला. पुढें कांहीं काळ वीज मंडळाच्या नोकरींत होता. संगीताचें शिक्षण म्हणाल तर शून्य. त्याला स्वरलिपि वाचतां येत नसे, एकहि वाद्य धड वाजवितां येत नसे. चाल सुचली म्हणजे ती गुणगुणून टेपवर भरावयाची व वादकांनीं ती ऐकून स्वर शोधून काढावयाचे, असा प्रकार चाले. आणि तें गुणगुणणेंहि पुष्कळदां बेसूर असे. तरी अमुक आवाज अमुक ठिकाणीं कसा उमटला पाहिजे, याविषयीं त्याच्या मनांत यत्किंचितहि संदेह नसे.

ध्वनिमुद्रण म्हणजे मायक्रोफोन मांडणें व कळ दाबणें, अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः त्यांत दोन निराळीं कामें आहेत. एक, आवाज टिपून घेणें. दुसरें, टिपलेल्या आवाजांचें मिश्रण करणें, म्हणजे कोणता पुढें आणावयाचा, कोणता मागें ढकलावयाचा, कोणास घुमारा द्यावयाचा, तें ठरविणें. स्वयंपाकिणीनें बाजार उत्तम केला तरी फोडणी तिलाच घालावी लागते, तसें हें दुसरें काम. १९५० नंतरच्या काळांत लंडनच्या मोठ्या स्टुडिओंतून पहिल्या कामाचा मान फार व दुसऱ्याचा कमी. यंत्रावरील कांटा लाल रेघेपलीकडे जातां कामा नये, मायक्रोफोन वाद्यापासून बेताच्या अंतरावर असावा, इत्यादि नियम ठरलेले होते, आणि ई. एम. आय. कंपनींत यंत्रज्ञ पांढरे डगले घालून वावरत.

मीकनें हे नियम एकामागून एक मोडले. तो मायक्रोफोन वाद्याच्या अगदीं तोंडाशीं नेई. आवाजाची चढउतार आवळून धरणारें जें यंत्र असतें, तें सोसवेल त्यापेक्षां अधिक आवळी. १९५६ सालीं हंफ्री लिटलटन याच्या 'बॅड पेनी ब्लूज' या तबकडींत त्यानें पियानोच्या डाव्या हाताचे खर्जाचे स्वर असे पुढें आणले कीं ती जॅझची तबकडी असूनहि खपाच्या यादींत चढली. वरिष्ठांशीं मात्र त्याचें पटेना. स्वभाव तापट, संशयी. आपली युक्ति दुसरा चोरील ही धास्ती सदैव. त्यानें नोकरी सोडली.

१९६० सालीं 'ट्रायंफ' नांवाच्या लहानशा कंपनींत तो भागीदार झाला. मायकेल कॉक्स याचें 'अँजेला जोन्स' हें गाणें लोकांस आवडलें, मागणी वाढली, आणि तबकड्या छापणाऱ्या कारखान्यांना ती पुरवितां येईना! खप होत असतां माल नसणें, यासारखें दुसरें दुःख व्यापारांत नाहीं. तेव्हां मीकनें निराळी रीत धरली. मुद्रण सर्वस्वीं आपण करावयाचें, पुरी झालेली टेप मोठ्या कंपनीस कराराने द्यावयाची. छापणें व विकणें त्यांचें, विक्रीवरील टक्केवारी आपली. भांडवलास खेळण्यांचा एक व्यापारी मिळाला. रॉबर्ट जॉर्ज मीक या पुऱ्या नांवाचीं आद्याक्षरें घेऊन 'आर. जी. एम. साउंड' ही संस्था निघाली, आणि मोठ्या कंपन्यांच्या तबकड्यांवर हीं अक्षरें छापूं लागलीं.

तिचें ठिकाण ३०४ होलोवे रोड. खालीं चामड्याच्या सामानाचें दुकान, वर तीन मजले. तेथेंच राहणें आणि तेथेंच काम. वादक एका खोलींत, यंत्रें दुसरींत, तंतुवाद्यें वाजविणारे जिन्यावर, आणि घुमारा हवा असेल तर गाणारा न्हाणीघरांत. रस्त्यावरून जड वाहन गेलें कीं मुद्रण थांबवावें लागे. ठेका भरून झाला कीं ती टेप दुसऱ्या यंत्रावर उतरवावयाची, उतरवितांना तींत गाण्याचा आवाज मिसळावयाचा, पुन्हां उतरवून आणखी एक वाद्य मिसळावयाचें. प्रत्येक नकलेबरोबर फितीची सरसर वाढते, म्हणून हें काम बेतानें करावें लागतें. १९६४ सालीं 'हनीकोम्ज' मंडळीच्या 'हॅव आय द राइट' या गाण्यास नुसता ढोल पुरेना. तेव्हां त्यांना लांकडी जिन्यावर पाय आपटावयास लावलें, आणि सायकलवाले विजारीस लावतात त्या चिमट्यांनीं पांच मायक्रोफोन कठड्यास अडकविले. तें गाणें इंग्लंडांत पहिल्या क्रमांकास पोहोंचलें. लाखों रुपयांच्या दालनांत बसणाऱ्यांना जें सुचलें नाहीं, तें जागेच्या अडचणींतून निघालें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्याचें सर्वांत गाजलेलें काम 'टेलस्टार'. १० जुलै १९६२ रोजीं त्या नांवाचा उपग्रह आकाशांत सोडण्यांत आला व अटलांटिक महासागरापलीकडचीं चित्रें युरोपांत दिसूं लागलीं. मीक त्या घटनेनें भारून गेला. त्यानें चाल गुणगुणली, 'टोर्नेडोज' या वादकांनीं ती बसविली, आणि जेफ गॉडर्डनें क्लॅव्हियोलीन या विजेच्या वाद्यावर मुख्य स्वर वाजविले. ऑगस्टांत डेक्का कंपनीनें तबकडी काढली. इंग्लंडांत ती पांच आठवडे पहिली होती. डिसेंबरांत अमेरिकेंतहि पहिली आली, आणि असा मान मिळविणारा तो पहिलाच इंग्रज वाद्यवृंद ठरला. शब्द एकहि नसलेली ही तबकडी दुकानावरच्या भाड्याच्या खोलींत तयार झाली होती.

यानंतर एका तऱ्हेनें त्याची ददात मिटावयास हवी होती. परंतु १९६० सालच्या 'ऑस्टर्लिट्झ' या फ्रेंच चित्रपटांतील आपली चाल चोरली, अशी फिर्याद झां लेद्रू या संगीतकारानें केली, आणि निकाल लागेपर्यंत चालीच्या हक्काची रक्कम अडकून पडली. नोकरदार यंत्रज्ञाच्या पाठीशीं अशा वेळीं कंपनीचे वकील व हिशेबनीस उभे असतात. मीकच्या घरीं चाल लावणारा, यंत्र चालविणारा, करार करणारा, कलावंतांचीं भांडणें मिटविणारा आणि देणेकऱ्यांना तोंड देणारा मनुष्य एकच. पहिलीं दोन कामें तो असामान्य रीतीनें करी. उरलेलीं त्याला साधलीं नाहींत. १९६३ पासून लोकांची आवड पालटली. त्यांतच पुरुषांमधील प्रेम हा त्या वेळच्या इंग्रजी कायद्यानें गुन्हा असल्यामुळें तो न्यायालयांत ओढला गेला, त्याची बदनामी झाली. कर्ज वाढलें, झोपेच्या व उत्तेजक गोळ्या वाढल्या, भिंतींत कोणी ऐकण्याचीं यंत्रें लपविलीं आहेत असा भ्रम वाढला. ३ फेब्रुवारी १९६७ रोजीं त्यानें घरमालकिणीस गोळी घालून ठार केलें व मग स्वतःवर गोळी झाडून घेतली. एका निरपराध स्त्रीचा प्राण गेला, ही गोष्ट मीकचें कौतुक करणाऱ्या लेखांतून फार घाईनें उरकली जाते. मीकचें वय ३७ वर्षांचें होतें. 'टेलस्टार'चा निकाल त्याच्या बाजूनें लागला, पण तो त्याच्या मृत्यूनंतर.

घरांत १८०० हून अधिक टेपा निघाल्या. चहाच्या ६७ लांकडी पेट्यांत भरून त्या अवघ्या ३०० पौंडांस विकल्या गेल्या, आणि कित्येक दशकें तशाच बंद राहिल्या. २०२० सालीं चेरी रेड या कंपनीनें त्या विकत घेतल्या. तेव्हांपासून त्या एकेक करून यंत्रावर लावून उतरवून घेण्यांत आल्या, आणि त्यांतील मुद्रणें प्रसिद्ध होऊं लागलीं.